पाठपुराव्यातून निसटलेल्या : अकरा

ब्लँटायर. वार्षिक परिषदेचा दुसरा दिवस,
जेवणानंतरचं सत्र, अर्ध्या माना कललेल्या.
डॉ. कलुवांना आठ मिनिटं.
तक्ता चौथा : प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी
पाठपुराव्यातून निसटलेल्या, अकरा.
पुढची स्लाइड.

शेवटच्या रांगेत एनेलेस, सुईण,
गळ्यातल्या बिल्ल्यावर नाव चुकीचं छापलेलं.
निसटल्या म्हणजे कुठे?
तिसरी लिम्बेच्या बाजारात टोमॅटो विकते,
लेकरू पाठीशी चितेंज्यात बांधून.
सातवीच्या दारात तर ती स्वतः उभी होती
सायकल भिंतीला टेकवून, दोनदा,
आतून कुणी ओ दिली नाही.

लाल दिवा. काही प्रश्न?
एनेलेसचा हात वर जातो,
केस सारखे करतो,
खाली येतो.

चहा तयार आहे, असं कुणीतरी सांगतं.