जसं आहे, जिथे आहे

बँकेच्या कागदावर ते वाक्य असतंच:
जसं आहे तसं, जिथे आहे तिथे.
मी ते वाचून अकरा घरं घेतली,
नऊ विकली, एकात राहतो,
उरलेल्या एकाबद्दल सांगतोय.

टोलीडोतला फेब्रुवारी. एल्डर स्ट्रीट, चौदाशे सहा.
मर्नाने कुलपाच्या डबीवर चार आकडे फिरवून किल्ली काढली
आणि नेहमीसारखं मला पुढे केलं.
मी आधी नाक पाठवतो.
बुरशीला वास असतो, मांजराला असतो,
फुटून गोठलेल्या नळालाही, ओल्या पुठ्ठ्यासारखा.
मग टाच, लाकडी जमीन कुठे दबते ते बघायला.
मग खिशातली काचेची गोटी
स्वयंपाकघराच्या मधोमध सोडायची.
ती फ्रिजच्या रिकाम्या चौकोनाकडे धावली, थांबलीच नाही.
मनात मी दोन हजार डॉलर कमी केले.

तांब्याचे पाइप चोरांनी उपसून नेले होते.
आणखी चार हजार.
या धंद्यात चोर म्हणजे
हिस्सा न मागणारा भागीदार.

तळघरात भट्टीवर चिकटपट्टीने लावलेला
वहीचा कागद, निळी शाई:
"जो कोणी येईल त्याला.
भट्टी पेटली नाही तर डाव्या अंगाला, खाली,
बुटाच्या टोकाने मारा. जोरात नको.
बाथरूमची खिडकी मार्चपर्यंत उघडू नका, मिटणार नाही.
चिमणीमागे गळतं. लिऑनने दोनदा डांबर लावलं,
तिसऱ्या खेपेला तो नव्हता.
शेजारच्या ऑल्गुडना ऐकू येत नाही,
दार ठोठावू नका,
ओसरीचा दिवा दोनदा लावा-विझवा, ते येतात."
सही, बर्नडेट शिमचाक.
तारीख शेरीफ यायच्या आदल्या दिवसाची.

मी फोटो काढला.
तिथेच, पायरीवर बसून, ओळीओळीला आकडे लावले.
गळती तीन हजार. भट्टी, नवीच घ्यावी लागणार, साडेचार.
खिडकी अडीचशे.
ऑल्गुडचं काही लावता येईना.

"हे तू बँकेला पाठवणार?" मर्नाने विचारलं.
मालकिणीच्याच अक्षरातला पुरावा, मी म्हटलं,
याहून पक्कं काय असतं?
ती बुटाला लागलेलं मीठ
पायरीच्या कडेला घासत राहिली.
बराच वेळ. तेवढं मीठ नव्हतं.

चौथ्या दिवशी बँक वाकली.
सव्वीस हजारांचं घर सोळाला.
मेव्हणा डेलबर्ट फोनवर ओरडला, लोणी रे, निव्वळ लोणी!
कुणाच्या टाळूवरचं, हे त्याने विचारलं नाही.

गॅस सुरू झाला त्या रात्री उणे चौदा होतं.
नव्या भट्टीची ऑर्डर द्यायची राहिली होती.
बोटं हातोडी धरेनात, म्हणून उठलो,
डाव्या अंगाला, खाली,
बुटाच्या टोकाने. जोरात नाही.

पेटली.

अशी पेटली, जणू ओळखीच्या पायाची वाट बघत होती.
मी तिच्यापुढे बसून राहिलो,
आणि माझे साडेचार हजार
छान निळे जळत राहिले.

आता एप्रिल आहे. गोटी ठेवली तिथे थांबते.
खिडकी दुरुस्त झाली, तेव्हा कागदावरची ती ओळ मी खोडली,
मग गळतीची.
मर्ना म्हणते, गिऱ्हाईक यायच्या आत कागदच काढ,
दोष लेखी ठेवत नसतात.
काढीन.

काल संध्याकाळी, का कुणास ठाऊक,
ओसरीचा दिवा लावला, विझवला,
लावला, विझवला.
पलीकडचं दार लगेच उघडलं, धाडकन,
एक म्हातारा स्वेटरची एकच बाही घालून
हसत पायऱ्या उतरायला लागला,
दुसऱ्या पायरीवर मी त्याला दिसलो.

तिथेच थांबला.
उरलेली बाही घातली,
आणि वळला.