पंधरा शब्द

छातीवरचा व्रण सगळ्यांनी पाहिला आहे.
शाळेत पोहण्याच्या तासाला पोरी रांगेत उभ्या राहायच्या,
एकीनं तर बोट लावायचे पाच क्रोनर दिले होते.
डॉक्टरांनी कागदांवर किती हृदयं काढून दाखवली,
निळे बाण, तांबडे बाण,
मधली भिंत, भिंतीतलं भोक.
मानेच्या वर मात्र कुणाचंच पेन गेलं नाही.

आज, एक्केचाळिसाव्या वर्षी,
टोर्शाव्हनच्या इस्पितळात
रान्वा नावाची बाई मला पंधरा शब्द वाचून दाखवते.
कंदील. मेंढी. लोणी. शिडी...
"आता आठवतील तेवढे सांग. घाई नाही."

घाई नाही, असं मला याआधी कुणी म्हणालं नव्हतं.
गणिताचे सर म्हणायचे, हिचं लक्ष खिडकीबाहेर.
बाबा म्हणायचे, एवढी साधी गाठ! बघ, पुन्हा बघ,
आणि दोर माझ्या हातून तसाच सुटायचा.
मासळीच्या कारखान्यात खोकी मोजताना
मी सदतिसावर हरवायचे,
स्वेटर विणताना नक्षीतल्या तिसऱ्या ताऱ्यापाशी.
मला वाटायचं, हा स्वभाव.
मी त्याला नावही दिलं होतं: आळस.

रान्वा म्हणते, जन्मायच्या आधीपासूनच
तुझ्या डोक्याला रक्त जरा हात आखडून मिळालं असेल.
मग कोपनहेगनचं ऑपरेशन, ते यंत्र.
"असेल" म्हणते ती, "आहे" म्हणत नाही.
मला ते आवडतं.

आई त्या दिवशी तिथल्या बाकावर घड्याळ धरून बसली होती.
अजून दर रविवारी फोनवर विचारते, धाप लागते का गं?
तिला कसं सांगू, आई,
हृदय शहाण्यासारखं चाललंय,
विसरते ती मी.

नऊ शब्द आले. सहा गेले.
त्यातला एक, बेटावर जन्मलेल्या माणसानं विसरूच नये असा,
रान्वासुद्धा हसली,
सांगितला मात्र नाही. नियम आहे म्हणे.

क्लाक्सविकला परतताना गाडी भाची चालवत होती, बार्बा.
बोगदा समुद्राखाली उतरत गेला,
कानांना दडे बसले.
अगदी तळाशी, जिथून रस्ता पुन्हा चढू लागतो,
तिथे तो माझ्या तोंडात आला.
"होडी!" मी ओरडले.
बार्बानं वेग कमी केला, आरशात बघितलं.
"कुठे?"
वर, म्हटलं.
आपल्या डोक्यावर.