दोन शॉट्सच्या मधलं

चौदा वर्षं इबिनाबोनं
ग्लासातलं सरबत मोजलं.
म्हणजे असं, की नायिका भांडून उठली तेव्हा
ते बोटभर उरलं होतं,
तर मंगळवारी, तोच प्रसंग दुसऱ्या बाजूनं घेताना,
बोटभरच उरायला हवं.
मेणबत्तीची उंची, शर्टाचं सुटलेलं बटण,
पट्टी कुठल्या गुडघ्याला,
सगळं तिच्या वहीत.
पडद्यावर तिचं नाव यायचं
लोक अंधारात चपला शोधत असताना.

मी त्याच सिनेमांचा संकलक.
सुरुलेरेतली एक खोली, खिडकीत जनरेटरचा धूर,
आणि काम तिच्या उलटं: मधलं फेकून द्यायचं.
तो कानोहून निघाला. कट. तो लागोसला पोचला.
हजार किलोमीटर
मी एका बोटानं गिळलेत, कितीदा तरी,
आणि ते कुठे गेले
हे कुणी विचारलं नाही.

मग त्या मंडईच्या शूटिंगला
दिग्दर्शकाला हवे होते चाळीस टोपल्या टोमॅटो, लालभडक.
ट्रक आला तो खालून गळतच.
वरच्या टोपल्या ठीक, खालच्यांचा लगदा,
माश्यांचं एक ढगच्या ढग.
सगळे ओरडत होते.
इबिनाबोनं वही उघडली.
"निघताना असेच होते?"
दन्लादी म्हणाला, "निघताना दगडासारखे होते, मॅडम."
"मग मध्ये काय झालं?"
"मध्ये?"
त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं.
"मध्ये रस्ता झाला."

परतीच्या ट्रकमध्ये ती चढून बसली.
गाभण शेळीसारखा हळूहळू चालणारा तो ट्रक,
आणि ती लिहीत राहिली:
इलोरिन, ऊन उजवीकडून, ताडपत्री डावीकडे.
जेब्बाचा पूल, सहा तास उभे, इंजिन बंद.
मोक्वा, टायर. तेगिना, पुन्हा तोच टायर.
येताना माल घेऊन पुन्हा तेच,
टोपलीगणिक फोटो, फोटोमागे वेळ.
व्यापारी म्हणायचे, कुठेतरी पाणी मुरतंय.
खरंच मुरत होतं,
आणि आता तिला ठिकाण ठाऊक होतं:
तिसरी रांग, खालून दुसरी टोपली,
पहाटे चारनंतर.

व्हिक्टोरिया आयलंडवर, गार खोलीत,
एका गुंतवणूकदारानं विचारलं,
"या क्षेत्रातला अनुभव?"
ती म्हणाली, "मी ग्लास बघायचे."
तो हसला. पाणी मागवलं तिच्यासाठी.
पैसे दिले ते एबुन मावशीनं,
जी राजांचे झगे भाड्यानं द्यायची,
आणि झगा परत येताना
त्यातलं काय आलं नाही
हे जिला न मोजता कळायचं.

आता टोपल्यांऐवजी प्लास्टिकचे क्रेट आहेत,
प्रत्येकाला नंबर,
आणि सांडतं ते आधीच्या निम्मंही नाही.
हे सांगताना ती थांबते.
झारियाजवळ एक म्हातारा
ताडाच्या पात्यांच्या टोपल्या विणायचा.
गेल्या खेपेला त्यानं तिला विचारलं नाही काहीच,
फक्त अर्धी विणलेली एक
पायानं बाजूला सारली.
तो फोटोही वहीत आहे.
तो कुठे जोडायचा
हे तिला अजून सुचलेलं नाही.

आणि मी? मला तिनं बोलावून घेतलं.
माइल ट्वेल्व्हच्या बाजारामागे, पत्र्याच्या खोलीत,
पडद्यावर सतरा ठिपके.
पहिल्या आठवड्यात वेड लागायची पाळी आली.
काहीच घडत नाही इथे, मी म्हणालो,
हे सगळं मी कापलं असतं.
"म्हणून तर," ती म्हणाली,
आणि पुढचं न बोलता घरी गेली.

रात्री दोन दहा. मोक्वाच्या अलीकडे
दन्लादीचा ठिपका थांबलाय.
फोन केला. चहा पितोय म्हणाला,
आलं घातलेला, कप अजून भरलेला.
लिहून घेतलं.
सवयीनं बोट बटणावर गेलं होतं.
ते तिथून काढून
मी त्याचा चहा संपायची
वाट बघत बसलो.