वाडं

संकेश्वर मागे पडलं, हुक्केरी यायची होती.
मागच्या सीटवर चादरीत गुंडाळलेली पेटी,
गडहिंग्लजच्या एका निवृत्त मास्तरांची,
घटप्रभेच्या भाच्यासाठी साडेचार हजारांत घेतलेली.
तिला पट्टाही लावला होता.
मी लावला नव्हता.

दिवस बुडाल्यावर ऊस दिसत नाही,
नुसता अंधार उंच होतो.
त्यातलाच एक तुकडा सुटून समोर आला :
जोड-ट्रॉलीचा ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना लाल चिंधी,
आणि डेकवर गाणं, कानठळ्या बसतील असं.
मी स्टेअरिंग ओढलं.
पुढचं पाहिलं नाही, ऐकलं.
चरीत उतरताना गाडीचं पोट खरवडलं
आणि पेटीनं, कुणी भाता न ओढताच,
एक लांब सूर सोडला,
म्हातारं माणूस खाली बसताना सोडतं तसा.

गाणं लांब गेलं. मी आठवतील तेवढ्या शिव्या दिल्या,
मराठीतच. शेजारच्या भाषेतल्या मला येत नाहीत.

गाडी डाव्या कुशीवर. कपाळावर कोमट काहीतरी.
नंबरप्लेट एमएच झिरो नाइन,
आणि त्याच आठवड्यात कुठं एसटीच्या काचा फुटलेल्या,
कुठं पाट्यांना डांबर, अलीकडं पलीकडं दोन्हीकडं.
खोटं कशाला बोलू,
काचेवर टकटक झाली तेव्हा
मी आधी लॉक दाबलं.

बाहेर एक बाई. डोक्यावर वाड्याचा भारा,
त्याखाली चेहरा असा नाहीच,
दात आणि नाकातली चमकी.
"अंजबॅड्री," ती म्हणाली.
शब्द कळला नाही. हात कळला,
काचेवर पसरून ठेवलेला,
उसाच्या पात्यांनी बोटभर रेघा ओढलेला.

मग कुठून कुठून माणसं आली. दुधाच्या किटल्यांवाला,
एका मोटरसायकलवरून तीन पोरं,
हुक्केरीहून पंक्चर काढून परतणारा दस्तगीर.
पोरांनी आधी पेटी बाहेर काढली, मग मला.
कपाळाला कुणाचा तरी रुमाल. डिझेलचा वास होता त्याला.

पाटाचं पाणी नुकतंच सोडलेलं. चाक फिरे, चिखल उडे,
गाडी आणखी खाली बसे.
तेव्हा तिनं भारा उतरवला, दोरी सोडली
आणि हिरवंगार वाडं चाकाखाली कोंबायला लागली,
टाचेनं, गुडघ्यानं,
गाडीवर राग असल्यासारखी.
"अहो, म्हशीचं ना हे?"
किटलीवाल्यानं तिला विचारलं. ती हसली, बरंच बोलली.
माझ्यापर्यंत आलं ते एवढंच :
"म्हशीला समजावतो म्हणतो ती."

वाड्यानंही भागलं नाही.
दोन तासांनी कारखान्याकडून एक ट्रॅक्टर आला, रिकामा.
तोच का? डेक बंद होता.
चालवणारा पोरगा खाली मान घालून साखळी अडकवत राहिला.
मी विचारलं नाही.
मागचा दिवा नव्हताच, हे पाहिलं.
गाडी वर आल्यावर त्यानं साखळी गुंडाळली,
पैशांकडं बघितलंसुद्धा नाही, गेला.

तिचं नाव विचारलं. लगमव्वा.
गाव विचारलं, तर तिनं उसाकडे हात केला.
मी पाचशेची नोट पुढे केली, ती तिनं
माझ्या कपाळावरच्या रुमालाखाली परत खोचली,
पदक लावल्यासारखी. पोरं खो-खो हसली.
"होगि बर्री," म्हणाली.
घटप्रभेत बहिणीनं अर्थ सांगितला : जाऊन या.

पुढच्या सर्व्हिसिंगला चाकाच्या कमानीतून
मूठभर वाळकी पात निघाली. मेकॅनिकनं झाडून टाकली,
मी काही बोलले नाही, बोलण्यासारखं काय होतं.
पेटीची एक काळी पट्टी अडकते अजून,
भाचा तिला वळसा घालून वाजवतो.

त्या रात्री ती म्हैस काय खाऊन झोपली,
हे मात्र मला कुणी सांगितलेलं नाही.