बिनधारेची

एकतीस वर्षं मी वाळू नापास करत आले.
डॉन्कास्टरची पत्र्याची लॅब,
आठ चाळण्या एकावर एक, तळाला थाळी,
आणि माझ्या सहीसाठी फाटकात घुरघुरणारा ट्रक.
दाणा हवा टोकेरी, कोन शाबूत;
सिमेंटला पकडायला काहीतरी लागतं.
गुळगुळीत वाळू चिमटीत आली
की मान वर न करता म्हणायचे : परत न्या.
ही कशालाच धरून राहत नाही.

आता बेरिल लेकाकडे राहायला गेली
आणि जाताना टाकी माझ्या ओट्यावर ठेवून गेली,
निळ्या खड्यांची, पाच कोरिडोरास माशांची.
तळ हुंगत फिरणारे ठेंगणे जीव,
अंगावर चिलखत,
मिशा मात्र जावळासारख्या.
एकाच्या डाव्या मिशीचा नुसता ठिपका उरलेला.
"खडीनं झिजली," दुकानातला आयव्हर म्हणाला,
"यांना तोंड खुपसायला वाळू लागते, लव्ह."

मी त्याच्या तीन गोण्यांपुढे उभी.
काळी देखणी, पण बोटांत करकरली, काच दळल्यासारखी.
पांढरी पोवळ्याची; तिनं पाणी आणखी जड होणार,
आणि इथल्या नळानं किटलीत आधीच चुना धरलाय.
तिसरी, पोरांच्या खेळायच्या हौदात टाकतात ती,
स्वस्त, कणकेच्या रंगाची.
चिमटीत धरली.
घसरली.
हीच द्या, म्हटलं, आणि माझं मलाच हसू आलं.

मार्चच्या गारठ्यात अंगणातल्या नळाखाली
तांदूळ धुवावे तशी धुतली.
पहिलं पाणी ताक, पाचवं पेज,
अकराव्याला बादलीचा तळ दिसला, बोटं दिसेनाशी झाली होती.
तरी सवयीनं उंच ग्लासात थोडी ढवळून ठेवली,
बसलेला गाळ पट्टीनं मोजला,
तारीख घालून वहीत लिहिला.
कुणाला दाखवायचाय, देव जाणे.

रात्रभर टाकीत धुकं.
सकाळी ते खाली बसलं तेव्हा
तो अर्ध्या मिशीचा पुढे झाला,
डोळ्यांपर्यंत तोंड वाळूत खुपसलं
आणि कल्ल्यांतून सोडून दिली ती,
सावकाश,
पीठ चाळणाऱ्या बाईच्या तंद्रीत.
माझ्या आठांत एवढी बारीक चाळणी नव्हती.

चहा निवत गेला.
कोपऱ्यात बेरिलचा एक निळा खडा नजरचुकीनं राहिला होता.
तिथवर तो आला, थबकला,
उरलेल्या मिशीनं चाचपला,
वळून गेला.

परत न्या, असंच ना?
मी बाही वर न सारताच हात घातला.