पारसिकच्या तिसऱ्या वळणावर

पहिल्या वळणाला काटा मध्यावर.
दुसऱ्याला थोडा पुढे, अजून दुर्लक्ष करता येईल इतका.
तिसऱ्याला तो लाल पट्टीला टेकतो
आणि बॉनेटच्या फटीतून गोडसर वास येतो
कूलंटचा, पाक करपल्यासारखा.

दर वेळी हेच. जीप बाजूला, चाकामागे दगड.
झाकण लगेच उघडायचं नाही, हे आता हाताला कळतं;
डाव्या मनगटावर त्याची खूण आहे.
बसून राहायचं. खाली बेलापूर, पलीकडे खाडी,
आणि शेजारून स्कूटीवर एक मुलगी, भाजीच्या पिशवीसकट,
सहज वर.

जीप माझ्याहून एकवीस वर्षांनी लहान.
सरकारी लिलावात घेतली, दारावरचं खात्याचं नाव खरवडलं.
जुनं इंजिन चढ दिसला की आवंढा गिळायचं.
म्हणून रबाळ्याच्या शेडमध्ये मढवीने
अपघातात चेपलेल्या पिकअपचं इंजिन आणलं,
अडीच लिटर, टर्बो.
माउंट कापले, पुढे सरकवून वेल्ड केले,
केबिनची भिंत दोन बोटं मागे ठोकली.
बसलं. सुरू झालं. पत्र्यावरची कबुतरं उडाली.
पेढे मी आणले होते.

ताकद आम्ही मोजून आणली.
तिच्याबरोबर येणारी उष्णता कोणी मोजली नाही.

मग उपाय.
कोणी म्हणालं, थर्मोस्टॅट काढून टाका. टाकला.
सकाळी इंजिन तापेना, दुपारी निवेना.
तुर्भ्यात सत्तार बुबेऱ्यांनी चार ओळींचा पितळी रेडिएटर बांधला,
म्हणाले, बाई, तुमच्या हयातीत गळणार नाही.
गळला नाही. गाडी तापत राहिली.
दोन विजेचे पंखे लावले, तर बॅटरी बसली.
नाक वर करून तिला फुटपाथवर चढवली,
आतला हवेचा बुडबुडा काढला
तान्ह्याची ढेकर काढतात तसा, पाठीवर थोपटत.

बत्तीस वर्षं मी वाशीच्या शाळेत
सातवीला उष्णता शिकवली.
वहन, अभिसरण, प्रारण. सोदाहरण, पाच गुण.
मढवी म्हणतो, तो माझ्या वर्गात होता, खिडकीशी.
मला आठवत नाही.
हे मी त्याला सांगितलेलं नाही.

एका दुपारी त्याने अगरबत्ती पेटवली.
मला वाटलं, आता देवावर सोडलं.
त्याने ती चालू इंजिनाच्या जाळीपुढे धरली:
धूर सरळ आत.
मग बाजूला, रेडिएटर आणि पत्र्यामधल्या
चार बोटांच्या फटीशी:
धूर मागून पुढे आला, वळला,
पुन्हा जाळीतून आत गेला.
तीच हवा. भाजलेली, पुन्हा पुन्हा तीच.

"बाई, येनारा वारा सगले बगतान.
जानारा कोन बगं?"

फटी रबराने बुजवल्या. पंख्याभोवती पत्र्याचं कडं.
थर्मोस्टॅट नवा, जागच्या जागी.
आणि बॉनेटच्या मागच्या अंगाला, छिन्नीने,
आठ तिरप्या खाचा, जिताड्याच्या कल्ल्यांसारख्या.
ठोकता ठोकता मढवी बोलत होता:
घणसोलीत आजाचं मिठागर होतं,
आता तिथे काचेची बिल्डिंग,
तिच्या मागच्या भिंतीवर एसीची चाळीस खोकी,
सगळ्यांची तोंडं त्याच्या गल्लीत.
पापड तिथे रात्रीही वाळतात, म्हणाला,
आणि पुढची खाच ठोकायला घेतली.

पहिलं वळण. दुसरं.
तिसऱ्याला मी सवयीने दगडाकडे बघितलं.
काटा मध्याच्या जरा पुढे, तिथेच.
कल्ल्यांतून वर येणारी हवा थरथरत होती,
तिच्यामागे रस्ता पाण्यात पडल्यासारखा.

चौथं वळण या जीपने पाहिलेलं नव्हतं.
तिथे मधोमध एक कुत्रं झोपलं होतं.
हॉर्न वाजवला. कान हलला फक्त.
उभ्या गाडीत इंजिन जास्त तापतं;
ते चालू ठेवून, श्वास धरून
मी थांबले.

काटा हलला नाही.
कुत्रंही.