चुंबक

इसराइल मिस्त्री म्हणाला, मॅडम, पत्रा पायजे का फायबर,
थे आजच्या आज सांगून टाका.
गड्डीगोदामला त्याचं शेड. डोक्यावर पूल, पुलावर मेट्रो,
आणि खाली माझी कॉन्टेसा, एक्क्याण्णव सालची,
डावा मडगार्ड काढलेली,
पुढची दाढ काढल्यावर माणूस दिसतो तशी.

चौतीस वर्षं महालेखाकारांच्या कार्यालयात
मी दुसऱ्यांचे खर्च तपासले.
हा एक माझा.

फायबर म्हणजे खेमराज, चितारओळीतला.
गणपती आटोपले की लग्नाच्या लॉनसाठी हत्ती करतो,
सोंड वर केलेले, आतून पोकळ.
त्यातलाच साचा, तीच चटई, तोच राळेचा वास
जो मे महिन्यात डोळ्यांत जाऊन बसतो.
चार किलोचा मडगार्ड त्यानं एका बोटावर तोलला.
सडत नाही, बाई. तुमच्यामागंही राहील.
(हे त्याला चांगलं वाटलं सांगायला.)

इसराइल हसला. राहील ना. पण उन्हात पाहाल,
सत्तेचाळीस डिग्रीत बॉनेटची फट इकडून मोठी, तिकडून लहान.
आणि ठोकर लागली का फायबर वाकत नाही, फाटते.
पत्रा वाकते. वाकलेलं मागून ठोकता येते.
पत्रा सडते, पण फुगून, रंग उचलून,
महिनाभर आधी सांगून सडते.

पत्रा कामठीच्या कबाड्याकडे एकच होता,
दुसऱ्या कुण्या कॉन्टेसाचा, हिरवा,
काठाशी कुतरलेला, किंमत तिप्पट.
मी वहीत दोन रकाने आखले.
सवयच.

मग त्यानं खिशातून चुंबक काढलं,
जुन्या स्पीकरचं, काळं, कपच्या उडालेलं.
बघा, तुमचा उजवा असली हाये, तसाच डावा बसवू,
म्हणत उजव्या मडगार्डाला लावलं.
ते खाली पडलं.

पुन्हा लावलं. पुन्हा पडलं.
दारावर चिकटलं, बॉनेटवर चिकटलं,
उजव्या मडगार्डावरून मात्र
तेलकट ताटावरून घसरावं तसं.

इसराइल गप्प. मग आत हात घालून चाचपलं,
आणि हळू म्हणाला, हे तर माह्या उस्तादचं काम.
शहाण्णव-सत्त्याण्णवचं असंन.
रात्रीतून केलेलं दिसते.

त्या पावसाळ्यात मी आठ दिवस ग्वाल्हेरला होते, ऑडिटवर.
गाडी विलासकडे.
परतले तेव्हा स्टेशनवर घ्यायला आला होता,
गाडी धुतलेली, मला म्हणाला पोहे खाऊ आधी,
आणि तर्री इतकी वाढून घेतली की डोळ्यांतून पाणी.
मी म्हटलं, कमी घ्यावी.

सव्वीस वर्षं तो माझ्या उजवीकडेच झोपला.
एक अक्षर नाही.
आता विचारायला तोही नाही, उस्तादही नाही,
पावती तर नसणारच.

कावून रडता मॅडम, चांगलं काम हाये, इसराइल म्हणाला.
मी रडत नव्हते. रंग बघत होते.
कुठेच फरक नव्हता.

हिरवा पत्रा घ्या, म्हटलं. उजव्याला हात लावू नका.
वजनाचं काय, एक बाजू जड होईल ना?
होऊ द्या.

गाडी येईल पंधरा तारखेपर्यंत.
चुंबक मी मागून आणलं.
फ्रिजवर आहे, विजेचं बिल धरून.